मायामी नायक लिटल टर्टल

रणांगणावर जय मिळविणारे वीर इतिहासांत पुष्कळ आढळतात. परंतु जय मिळविल्यावरही वेळ ओळखून तहाचा सल्ला देणारे आणि दिलेलें वचन मरेपर्यंत पाळणारे विरळा. अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इंडियाना संस्थानांत फोर्ट वेन नांवाचें शहर आहे. सेंट जोसेफ व सेंट मेरीज या नद्यांचा येथें संगम होऊन मॉमी नदी बनते. येथून नावा कांहीं अंतर खांद्यावर वाहून नेल्या म्हणजे वाबाश नदीच्या पाण्यास लागतां येई. म्हणून उत्तरेकडील सरोवरांतून मिसिसिपीच्या खोऱ्यांत उतरण्याची ही जणूं किल्लीच होती. या संगमावर मायामी लोकांचें केकिओंगा हें मुख्य गांव होतें. अठराव्या शतकाच्या मध्यास या लोकांत मिशिकिनाक्वा जन्मला. त्याचें नांव एका जातीच्या कांसवावरून पडलेलें असल्यामुळें इंग्रजी बोलणारे त्यास लिटल टर्टल, म्हणजे लहान कांसव, म्हणत.

१७८० सालीं द ला बाम नांवाच्या फ्रेंच सरदारानें अमेरिकनांच्या वतीनें केकिओंगा लुटलें. लिटल टर्टलनें त्याची छावणी गांठून तिचा फडशा पाडला. पुढें १७८३ च्या पॅरिसच्या तहानें इंग्लंडनें ओहायो नदीच्या वायव्येचा सारा मुलूख नव्या अमेरिकन राष्ट्रास देऊन टाकला. ज्यांचा तो मुलूख त्यांस कोणीं विचारलेंही नाहीं. १७९० सालीं जनरल हार्मर यानें सुमारें १,४५० लोकांनिशीं येऊन केकिओंगा जाळलें. परंतु लिटल टर्टलनें त्याच्या तुकड्या एकेकट्या गांठून त्यांचा मोड केला. पुढील वर्षीं जनरल सेंट क्लेअर चालून आला. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे लिटल टर्टल आणि शॉनी नायक ब्लू जॅकेट यांनीं सुमारें १,००० योद्ध्यांसह वाबाशच्या कांठीं त्याच्या छावणीवर हल्ला केला. ६०० हून अधिक शिपाई पडले. मूळ रहिवाशांच्या हातून अमेरिकन सैन्याचा एवढा मोठा पराभव पुन्हा कधीं झाला नाहीं.

अशा जयानें दुसरा कोणी उन्मत्त झाला असता. परंतु नवा सेनापति अँथनी वेन सावध व शिस्तीचा आहे आणि इंग्रजांच्या मदतीचा भरंवसा नाहीं, हें लिटल टर्टलनें १७९४ सालीं ओळखलें व तहाचा सल्ला दिला. तो कोणीं मानला नाहीं. पुढारीपण ब्लू जॅकेटकडे गेलें. तरी लिटल टर्टल रुसून घरीं न बसतां आपली मायामी तुकडी घेऊन लढला. २० ऑगस्ट रोजीं फॉलन टिंबर्स येथें पराभव झाला, आणि माघार घेणाऱ्या योद्ध्यांस जवळच्या इंग्रजी किल्ल्यानें दरवाजा उघडला नाहीं. त्याच ऑक्टोबरांत वेननें संगमावर किल्ला बांधला. तोच फोर्ट वेन.

३ ऑगस्ट १७९५ रोजीं ग्रीनव्हिल येथें तह होऊन ओहायोचा बहुतेक प्रदेश व संगमावरील किल्ल्याची जागा अमेरिकेस गेली. मोबदला ठरला २०,००० डॉलरांचा माल आणि पुढें दरसाल ९,५०० डॉलरांचा. वाटाघाटींत आपल्या लोकांच्या सीमा निर्भयपणें मांडणारा लिटल टर्टल सही करण्यांत मात्र अगदीं मागें राहिला. पण सही केल्यावर त्यानें अमेरिकेविरुद्ध पुन्हा शस्त्र उचललें नाहीं.

आतां त्याचे शत्रु निराळे झाले: दारू, देवी आणि उपासमार. १८०१–०२ च्या प्रवासांत त्यानें मूळ रहिवाशांस दारू विकण्याची बंदी व्हावी म्हणून आग्रह धरला. अध्यक्ष जेफरसन यांच्याकडून गोस्तनी देवीची माहिती मिळतांच त्यानें स्वतः टोचून घेतलें आणि लस आपल्या लोकांकरितां बरोबर नेली. बाल्टिमोरच्या क्वेकर मंडळीनें त्याच्या विनंतीस मान देऊन १८०४ सालीं शेती शिकविण्यास शिक्षक पाठविला.

परंतु जमिनीची मागणी थांबली नाहीं. फोर्ट वेन येथेंच १८०३ व १८०९ सालीं नवे तह झाले. दुसऱ्यानें सुमारें ३० लक्ष एकर जमीन गेली. त्यावर लिटल टर्टलचीही सही आहे. शॉनी नायक टेकुमसे यानें याविरुद्ध लोकांस उठविलें; लिटल टर्टलनें मायामींस त्यापासून आवरलें. १४ जुलै १८१२ रोजीं तो फोर्ट वेन येथें वारला व लष्करी मानानें पुरला गेला. दोन महिन्यांनीं त्याच राष्ट्राच्या फौजेनें मायामींचीं गांवें जाळलीं. १८४६ सालीं ३०० हून अधिक मायामींस कालव्याच्या नावांत घालून पश्चिमेस नेण्यांत आलें. त्या नावा फोर्ट वेनवरूनच गेल्या.

तर मग त्याचा सल्ला चुकला काय? त्याच्या हयातींत टेकुमसेचे अनुयायी असें म्हणत, आणि त्यांचें दुःख खरें होतें. तरी आम्हांस तसें वाटत नाहीं. ग्रीनव्हिलची सीमा ओलांडली ती त्यानें नव्हे. ज्या राष्ट्रानें ती ओलांडली तें ख्रिस्ती म्हणविणारें होतें, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांनीं मान खालीं घालून वाचली पाहिजे. लिटल टर्टलनें मात्र आपला शब्द राखला, आणि शांततेचीं जीं सतरा वर्षें मिळालीं तीं आपल्या लोकांचे प्राण वांचविण्यांत खर्चिलीं.

१९१२ सालीं घराचा पाया खणतांना त्याची कबर सांपडली. आज तेथें लहानसें स्मारक आहे. विद्यार्थ्यांनीं नकाशांत फोर्ट वेन शोधतांना त्या संगमाचें जुनें नांव केकिओंगा होतें, एवढें अवश्य लक्षांत ठेवावें.