पादचाऱ्यांचा कैवारी

इ. स. १७२३ च्या ऑक्टोबर महिन्यातील एका रविवारी सकाळी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या धक्क्यावर सतरा वर्षांचा एक मुलगा नावेतून उतरला. प्रवासाने त्याचे कपडे मळले होते, खिशांत सदरे व मोजे कोंबलेले होते आणि जवळ पैसा अगदी थोडा होता. शहरात ओळखीचे कोणीही नव्हते. त्याने तीन मोठे पाव विकत घेतले, दोन काखांत धरले आणि तिसरा खात खात तो बाजाररस्त्याने चालू लागला. पोट भरताच उरलेले दोन पाव त्याने नावेतील सहप्रवासी असलेल्या एका स्त्रीला व तिच्या मुलाला देऊन टाकले. हाच मुलगा पुढे बेंजामिन फ्रँकलिन या नावाने जगप्रसिद्ध झाला.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. त्याचे वडील मेणबत्त्या व साबण तयार करीत. संसार मोठा आणि मिळकत बेताची. त्यामुळे दहाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. परंतु भावाशी त्याचे पटेना. अखेर त्याने घर सोडले. वाटेत पन्नास मैलांचा प्रवास त्याला पायीच करावा लागला. त्यात एक दिवस तर मुसळधार पावसाने तो नखशिखांत भिजला. पायी चालणाऱ्याचे हाल त्याने असे लहानपणीच अनुभवले होते.

फिलाडेल्फियात फ्रँकलिनने अपार कष्ट करून स्वतःचा छापखाना उभारला. १७३१ मध्ये त्याने मित्रांच्या साहाय्याने वाचनालय स्थापन केले, तर १७३६ मध्ये आगीपासून शहराचे रक्षण करणारे स्वयंसेवकांचे पथक उभे केले. तथापि शहराच्या रस्त्यांची दुर्दशा त्याच्या मनाला सतत बोचत असे. रस्ते रुंद व सरळ होते खरे. पण ते कच्चे असल्यामुळे उन्हाळ्यात धुळीचे लोट उठत आणि पावसात अवजड गाड्यांच्या चाकांनी सारी वाट चिखलमय होऊन जाई. बाजाराच्या मध्यभागी विटांची फरसबंदी होती. परंतु तिथवर पोहोचण्यासाठी लोकांना चिखल तुडवीत जावे लागे.

फ्रँकलिनने या प्रश्नावर लेख लिहिले, लोकांची मने वळविली आणि बाजारापासून घरांलगतच्या पदपथापर्यंतचा भाग दगडांनी बांधून घेतला. लोक कोरड्या पायांनी बाजारात जाऊ लागले. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. कच्च्या रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांचा चिखल या दगडांवर साचू लागला आणि तो काढण्यासाठी शहरात झाडूवाले नव्हते. रस्ता बांधणे हे अर्धेच काम असून तो नीट राखणे हे उरलेले अर्धे काम आहे, हे फ्रँकलिनने ओळखले.

त्याने एक गरीब पण उद्योगी मनुष्य शोधून काढला. प्रत्येक घराने दरमहा सहा पेन्स दिल्यास आठवड्यातून दोनदा रस्ता झाडण्यास तो तयार झाला. स्वच्छ रस्त्यामुळे घरांत घाण येणार नाही आणि दुकानांत गिऱ्हाईक वाढेल, असे समजावून सांगणारे पत्रक फ्रँकलिनने छापून घरोघर पाठविले. दोन दिवसांनी तो स्वतः प्रत्येकाच्या दारी गेला. एकूणएक घरमालकांनी संमती दिली. तो स्वच्छ रस्ता पाहून सर्व शहरालाच तशा रस्त्यांची इच्छा झाली आणि त्यासाठी कर देण्यासही लोक राजी झाले. मग फ्रँकलिनने शहरातील रस्ते बांधण्याविषयीच्या कायद्याचा मसुदा तयार करून विधिमंडळापुढे ठेवला. १७५७ मध्ये तो इंग्लंडला गेल्यानंतर तो कायदा मंजूर झाला.

रात्रीच्या वाटसरूंचीही त्याला काळजी होती. लंडनहून आलेल्या गोल काचेच्या दिव्यांत धूर कोंडून काच थोड्याच वेळात काळी पडे आणि एका धक्क्याने सबंध काच फुटे. फ्रँकलिनने चार सपाट काचांचा दिवा सुचविला. त्याला वर धुराडे आणि खाली हवेसाठी फटी होत्या. हा दिवा पहाटेपर्यंत स्वच्छ प्रकाश देई आणि फुटलीच तर एखादीच काच फुटे. रस्त्यावरील दिव्यांचे सर्व श्रेय लोक फ्रँकलिनला देत. परंतु आपल्या दारी प्रथम दिवा लावून लोकांना त्याचा उपयोग दाखविणारे गृहस्थ जॉन क्लिफ्टन हे होते, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे नमूद केले.

फ्रँकलिनने विजेचे स्वरूप उलगडले आणि १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली. तरीही चिखल, केर आणि दिवे हे विषय त्याला कधीच क्षुल्लक वाटले नाहीत. क्वचित लाभणाऱ्या मोठ्या भाग्यापेक्षा रोजच्या लहान लहान सोयींनी माणूस अधिक सुखी होतो, अशी त्याची धारणा होती.

१७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फिलाडेल्फियातच त्याचे निधन झाले. सुमारे वीस हजार लोक त्याच्या अंत्ययात्रेस लोटले होते. आपल्या मृत्युपत्रात त्याने बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन्ही शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. त्यात एक जाणती सूचनाही होती. इमारती व फरसबंदी यांमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही व विहिरींचे पाणी बिघडत जाते. म्हणून जवळच्या ओढ्याचे पाणी नळाने शहरात आणावे, असे त्याने सुचविले होते. पुढे १८०१ मध्ये स्कूलकिल नदीचे पाणी शहराला मिळू लागले. ज्या फरसबंदीसाठी त्याने इतकी खटपट केली, तिच्यातील उणीवही त्याच्या नजरेतून सुटली नव्हती.