आचार्य जगदीशचंद्र बसू : अदृश्य तरंगांचा उपासक

स्वप्रांतापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रेडिओने किती सोबत केली, हे येथे नव्याने सांगावयास नको. ज्या अदृश्य तरंगांवरून स्वभाषेचा स्वर आपल्या दारी आला, त्या तरंगांवर याच भारतभूमीत मूलगामी संशोधन करणारे शास्त्रज्ञ म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बसू. विद्युत्शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र दोन कारणांसाठी अभ्यासावे : एक त्यातील विज्ञानासाठी आणि दुसरे त्यातील स्वाभिमानासाठी.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र हे डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. अशा अधिकाऱ्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जावयाचा, हा त्या काळचा रिवाज. परंतु भगवानचंद्रांनी मुलास हेतुतः बंगाली पाठशाळेत घातले. तेथे एका बाजूस चपराशाचा मुलगा, तर दुसऱ्या बाजूस कोळ्याचा मुलगा बसत असे. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टींनी जगदीशचंद्रांच्या मनात निसर्गाविषयीचे कुतूहल जागे केले. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफों यांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. वैद्यक शिकण्यासाठी ते विलायतेस गेले. पण प्रकृती साथ देईना, म्हणून केंब्रिज येथे लॉर्ड रॅले यांसारख्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी निसर्गविज्ञानाचे अध्ययन केले.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या वेळी भारतीय प्राध्यापकास युरोपीय प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांच्या वाट्यास त्याचेही निम्मेच येणार होते. त्यांनी तंटाबखेडा केला नाही, की नोकरीही सोडली नाही. तीन वर्षे त्यांनी उत्तम रीतीने अध्यापन केले आणि वेतनास स्पर्शही केला नाही. घरात वडिलांच्या कर्जाचा भार होता. १८८७ साली विवाह होऊन अबलादेवी घरात आल्या, त्याही याच ओढगस्तीच्या दिवसांत. अखेर सरकारला नमावे लागले. नेमणूक मागील तारखेपासून कायम होऊन तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी हाती आले व ते पितृऋण फेडण्याच्या कामी लागले.

मॅक्सवेल यांनी विद्युत्‌चुंबकीय तरंगांचे भाकीत गणिताने केले होते आणि हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये ते प्रयोगाने सिद्ध केले होते. तथापि हर्ट्झ यांचे तरंग बरेच लांब होते. प्रकाशाप्रमाणे त्यांचे परावर्तन व वक्रीभवन दाखवावयाचे, तर उपकरणेही त्या मानाने अवाढव्य लागत. जगदीशचंद्रांनी तरंगांची लांबी सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत खाली आणली, त्यामुळे सारी सामग्री मेजावर मावू लागली. कॉलेजातील एक चिमुकली खोली ही त्यांची प्रयोगशाळा आणि एक देशी कारागीर हा त्यांचा मदतनीस. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालून त्यांनी तरंगांच्या ध्रुवणाचे साधन तयार केले. पिळलेल्या तागाचाही अशाच प्रयोगांत उपयोग केला. कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधील जाहीर प्रयोगात तर या तरंगांनी भिंती ओलांडून घंटा वाजविली व दारूला बत्ती दिली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपले प्रयोग विद्वानांसमोर सादर केले.

तरंग निर्माण करणे हे अर्धे काम. ते ओळखणे हे उरलेले अर्धे. तांब्याच्या तारेत विद्युत्दाब दुप्पट केला, की प्रवाहही दुप्पट होतो. हाच ओहमचा नियम. मात्र गॅलेना या शिशाच्या खनिजाला धातूचे टोक अलगद टेकविले, तर हे प्रमाण राहत नाही, असे जगदीशचंद्रांस आढळले. अशा संपर्कातून प्रवाह एका दिशेस सहज जातो, उलट दिशेस अडतो. साहजिकच मागेपुढे झुलणाऱ्या तरंगाचा ठसा मोजता येण्याजोग्या एकेरी प्रवाहात उमटतो. गॅलेना हा ना पूर्ण संवाहक, ना पूर्ण निरोधक. तो अर्धसंवाहक आहे. पुढे डायोड व ट्रान्झिस्टर ज्या कुळात जन्मले, ते हेच कूळ. या शोधक उपकरणास १९०४ साली अमेरिकन पेटंट मिळाले. अर्धसंवाहक उपकरणाचे ते पहिले पेटंट मानले जाते. तेही भगिनी निवेदिता व श्रीमती सारा बुल यांच्या आग्रहाने घेतले गेले. ज्ञान विकून धन जोडणे जगदीशचंद्रांस रुचत नव्हते. त्या पेटंटमधून त्यांनी एक पैसाही मिळविला नाही.

पुढे वनस्पतींच्या संवेदनांकडे ते वळले. त्यांचे त्या क्षेत्रातील सर्वच निष्कर्ष शास्त्रज्ञांस मान्य झाले नाहीत. परंतु वनस्पतींतील विद्युत्संकेतांचा अभ्यास आज मानाने होत आहे. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. १९२० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले.

ज्यांची कीर्ती लंडन-पॅरिसला पोहोचली, त्यांनी मातृभाषेकडे कधी पाठ फिरविली नाही. १९११ साली बंगाली साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि ‘अव्यक्त’ हा त्यांचा बंगाली लेखसंग्रह १९२१ साली प्रसिद्ध झाला. घरात मराठी बोलावे, तर मुले विद्येत मागे पडतील, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात डोकावते. पाठशाळेच्या चटईवरून निघून विद्युत्तरंगांच्या राज्यात पोहोचलेले हे चरित्र त्या शंकेस पुरेसे उत्तर आहे.