डॉ. होमी भाभा : संगीतात रमलेला शास्त्रज्ञ

वाणगाव, बोईसर व तारापूरच्या पंचक्रोशीत डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव अणुऊर्जा केंद्रामुळे घरोघरी माहीत आहे. या शास्त्रज्ञाला पाश्चात्त्य अभिजात संगीताचे किती वेड होते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्या ग्रामोफोनवर बीथोव्हेन, मोझार्ट, बाख यांच्या रचना ऐकतच ते व धाकटे बंधू जमशेद वाढले. चित्रकलेचे धडेही त्यांनी जहांगीर लालकाका यांच्याकडे घेतले.

१९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी वडिलांची इच्छा होती. होमींचे मन पदार्थविज्ञानात गुंतले होते. १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना पत्र लिहिले आणि आपली बाजू मांडताना चक्क बीथोव्हेनचा आधार घेतला! विज्ञान थोर आहे म्हणून बीथोव्हेनला शास्त्रज्ञ व्हायला सांगण्यात काय अर्थ, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या मुलाने त्याचे संगीत मनापासून ऐकले आहे, त्यालाच हा दाखला सुचावा असे आम्हांस वाटते. वडिलांनी अट घातली : आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळव, मग हवे ते शीक. १९३० मध्ये होमींनी ती पूर्ण केली व वडिलांनीही शब्द पाळला.

पुढे वैश्विक किरणांवरील संशोधनाने त्यांना जगभर नाव मिळाले. पण संगीत सुटले नाही. मोझार्टच्या 'इडोमेनिओ' या ऑपेराच्या केंब्रिजमधील प्रयोगासाठी त्यांनी नेपथ्य रेखाटले होते. ते आजन्म अविवाहित राहिले. विज्ञान, चित्रे, संगीत आणि झाडे हाच त्यांचा संसार होता. रस्त्यात येणारे झाड तोडण्याऐवजी ते दुसरीकडे हलवावे, यासाठी त्यांचा आग्रह असे.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर त्यांचे विमान कोसळले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते निघाले होते व्हिएन्नाला, म्हणजे मोझार्ट आणि बीथोव्हेन यांच्या कर्मभूमीला.

तारापूरची वीज १९६९ साली सुरू झाली. त्याच वर्षी जमशेद भाभा यांनी जे. आर. डी. टाटा यांच्या साथीने मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजेच एनसीपीए, स्थापन केले. तेथे आजही पियानोच्या मैफली होतात.