चिक चॉकलेट : सूर त्यांचे, नाव कोणाचे?

देवगाव फाटा, जि. परभणी : चौदा एप्रिल जवळ आला की दरवर्षी भीमगीतांचे नवे अल्बम निघतात. पूर्वी कॅसेट निघत, मग सीडी आल्या, आता गाणे थेट मोबाईलवरच प्रसिद्ध होते. साधन बदलले, रिवाज मात्र तोच राहिला. वर गायकाचा फोटो असतो, कंपनीचे नाव असते, कधी पैसे देणाऱ्या पुढाऱ्याचाही फोटो असतो. ढोलकी कोणी वाजवली, कोरस कोणी धरला, चालीला साज कोणी चढवला, हे शोधूनही सापडत नाही. हा प्रश्न किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आम्ही आज गोव्याच्या एका ट्रम्पेटवादकाचे आयुष्य सांगणार आहोत. त्यांचे नाव चिक चॉकलेट.

हे त्यांचे टोपणनाव. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ. 1916 साली बार्देस तालुक्यातील हळदोणे गावी त्यांचा जन्म झाला. घरी त्यांना चिको म्हणत, म्हणजे लहानगा. त्याचेच पुढे चिक झाले. मुलाने मेकॅनिक व्हावे, चार पैसे मिळवावेत, अशी आईची इच्छा होती. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते आणि चर्चच्या शाळांत मुलांना प्रार्थनेसाठी स्वरलिपी वाचायला, वाद्य वाजवायला शिकवत. धर्म बदलला तरी बामण, चार्दो, सुदीर हे जातीचे भेद गोव्याच्या ख्रिस्ती समाजातून गेले नाहीत, हे आपण जाणतो. पण त्या शाळांतून एक हुन्नर गरिबाच्या पोराच्याही हाती आला. कागदावर लिहिलेले सूर त्याला वाचता येऊ लागले. याच अक्षरओळखीच्या बळावर शेकडो गोवेकर मुंबईला आले आणि धोबीतलावच्या आसपास गावागावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांत राहून बँडमध्ये वाजवू लागले.

मुंबईत त्या काळी एक नवे संगीत येऊन पोहोचले होते. ते जाझ. अमेरिकेतील ज्या काळ्या माणसांच्या बापजाद्यांना साखळदंडाने बांधून बाजारात विकले गेले, त्यांनी घडवलेले हे संगीत. 1935 साली बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षी लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यांच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे काळे वादक आले. स्वतःच्या देशात ज्यांना अनेक हॉटेलांच्या पुढच्या दाराने आत जाता येत नव्हते, ते मुंबईच्या श्रीमंतांना नाचवत होते. गोव्याच्या तरुण वादकांनी हे संगीत त्यांच्याकडून ऐकले, तबकड्यांवरून ऐकले आणि आत्मसात केले.

चिक चॉकलेट यांचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग. हा माणूस कोण होता? 1901 साली न्यू ऑर्लिन्सच्या दरिद्री वस्तीत त्याचा जन्म झाला. पोरवयात बंदुकीचा बार काढला म्हणून त्याला सुधारगृहात डांबले, आणि त्याच सुधारगृहाच्या बँडमध्ये तो शिंग फुंकायला शिकला. 1925 पासून त्याने स्वतःच्या चमूसह शिकागोत तबकड्या केल्या आणि जाझची दिशाच बदलून टाकली. तेव्हा अमेरिकेतील कंपन्या काळ्यांच्या तबकड्या वंशाच्या नावाने वेगळी मालिका काढून विकत. गावाबाहेरची वस्ती संगीतातही होती, असेच म्हणावे लागेल. हाच आर्मस्ट्राँग 1957 साली लिटल रॉकच्या शाळेत काळ्या मुलांना अडवले गेले तेव्हा थेट राष्ट्राध्यक्षांवर बरसला आणि सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत रशियाचा दौरा त्याने धुडकावला.

चिक यांनी आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट उचलला, त्याचा घोगरा आवाज उचलला, घाम टिपायचा रुमालही उचलला. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. 1940 च्या दशकात त्यांचा बँड ताजमहालसारख्या मोठ्या हॉटेलांत वाजत होता. त्यांच्या बँडच्या तबकड्याही निघाल्या. पण हॉटेलातील नाचगाण्यावर वादकाचे पोट फार काळ चालणार नव्हते. इंग्रज गेले, 1949 चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांच्या रात्री मंदावल्या. तोवर वादकांना दुसरे दार उघडले होते, ते हिंदी चित्रपटांचे.

चित्रपटाचे गाणे कसे तयार होई, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे. संगीतकार पेटीवर चाल बांधी, गुणगुणून दाखवी. बहुतेकांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नसे. मग गोवेकर सहायक ती चाल कागदावर उतरवी. सुरुवातीचे संगीत, दोन कडव्यांच्या मधले तुकडे, कोणत्या ओळीमागे व्हायोलिन आणि कोणत्या ओळीमागे ट्रम्पेट, हे सारे लिहून काढी. मग प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवला जाई आणि ध्वनिमुद्रण होई. यालाच अरेंजर म्हणतात. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट हे त्यातले बिनीचे शिलेदार.

चिक यांची जोडी जमली ती सी. रामचंद्र यांच्याशी. हे रामचंद्र नरहर चितळकर, अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) पुणतांब्याचे. 1951 साली त्यांच्या संगीताचा अलबेला आला. त्याचे नायक आणि दिग्दर्शक होते भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. त्या चित्रपटाच्या गाण्यांवर महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांच्या किती पिढ्या नाचल्या! लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, ती गाणी अजून वाजतात. त्या ठेक्यात, त्या पितळी वाद्यांच्या झंकारात हार्लेम आणि न्यू ऑर्लिन्सची हवा आहे, आणि ती हळदोण्याच्या वाटेने आली आहे. अलबेलाच्या एका गाण्यात चिक आणि त्यांचा बँड झालरीचे कपडे घालून पडद्यावर दिसतातही. कोट्यवधी लोकांनी त्यांना पाहिले. हे कोण, असे किती जणांनी विचारले?

मदन मोहन यांच्यासाठीही चिक यांनी काम केले. नादान (1951) आणि रंगीली (1952) या चित्रपटांचे संगीत तर त्यांनी स्वतः दिले. म्हणजे गुणवत्ता होती, संधीही थोडी मिळाली. पण प्रस्थापितांच्या चौकटीत ते मुख्यतः सहायकच राहिले. कधी पडद्यावरच्या यादीत सहायक म्हणून नाव येई. तबकडीवरच्या कागदी चकतीवर मात्र चित्रपट, गायक आणि संगीतकार एवढ्यांनाच जागा असे. 1949 साली महल चित्रपट आला तेव्हा तबकडीवर लता मंगेशकरांच्या नावाऐवजी चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. जिथे गायिकेची ही गत, तिथे मागे बसून ट्रम्पेट वाजवणाऱ्याला कोण विचारणार? त्याला त्या दिवसाची मजुरी मिळे. गाणे पुढे पन्नास वर्षे विकले गेले तरी त्याचा वाटा त्याच दिवशी संपलेला असे. मे 1967 मध्ये चिक चॉकलेट यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी पन्नाशी नुकतीच गाठली होती.

यावर कोणी म्हणेल, नावात काय आहे? नावातच सारे आहे. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, सादर करणाऱ्या कलावंतालाही व्यावसायिक वापरातून वाटा मागता येऊ लागला. हे स्वागतार्हच. पण त्याच कायद्यात चित्रपटापुरती एक मेख आहे. ज्याचे काम आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो एका मर्यादित हक्कापलीकडे कलावंतच धरला जात नाही. नाव द्यायचे की नाही हे मालक ठरवणार, आणि नाव नाही म्हणून हक्क नाही हे कायदा सांगणार! ज्यांच्या बापजाद्यांचे नाव सात-बाऱ्यावर कधी चढलेच नाही, त्यांना हा न्याय वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे पाहू. लग्नसराईत सेलू, जिंतूर, मंठ्याकडे जाणारी बँडपथके देवगाव फाट्यावरून जातात. चिक वाजवत तोच ट्रम्पेट त्यांच्याही हातात असतो. हलगी, सनई आणि पुढे बँड ही कला मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांच्या वाद्याशिवाय मांडव सजत नाही, पण त्या वादकाला पंगतीत कुठे बसवले जात होते, हे आमच्या पिढीने पाहिले आहे. सूर हवा, सूर काढणारा नको, ही मनुवादाची जुनीच रीत. अमेरिकेच्या हॉटेलवाल्याने काळ्या वादकाशी तेच केले. चित्रपटाच्या धंद्याने गोवेकर वादकाशी त्याचेच सौम्य रूप केले.

प्रश्न एवढाच उरतो की आपण काय करतो? बाबासाहेबांची चळवळ गावोगावी नेली ती जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी. त्यात पेटीवाला, ढोलकीवाला, झिलकरी हे सारे कार्यकर्तेच होते. त्यांच्या वारसांकडून आपणच बिदागीवर काम करून घ्यायचे आणि नाव गाळायचे, हे आंबेडकरी विचारात बसत नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या जयंतीला जो कोणी अल्बम काढील त्याने प्रत्येक वादकाचे, कोरसमधल्या प्रत्येक मुलीचे आणि अरेंजरचे नाव गाण्याबरोबर लिहावे. ध्वनिमुद्रणाआधी प्रत्येकाशी लेखी करार करावा, त्यात मानधन आणि पुढच्या उत्पन्नातील वाटा स्पष्ट लिहावा. जुन्या कॅसेटमधील जे वादक आज हयात आहेत त्यांना शोधून त्यांची नावे गावपातळीवरील मंडळांनी नोंदवून घ्यावीत. याला सरकारची परवानगी लागत नाही की फार पैसा लागत नाही. लागते ती फक्त दानत.