बढती हुकली, कारखाना उभा राहिला

आयटीआयला गेला म्हणजे मार्क कमी पडले असणार, असं आपण सर्रास धरून चालतो. मग लक्ष्मणराव किर्लोस्करांचं काय? जन्म १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंगच नीट ओळखता येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा जागा मिळाली एका अँग्लो-इंडियनला. कसब होतं, वरची पायरी मात्र बंद. त्यांनी नोकरी सोडून थेट बेळगाव गाठलं. भावासोबत सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर आधी नुसते पडून होते. तरी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिलीच. हात काळे होणारं काम हलकं, हे नेमकं ठरवलं कोणी?