स्मृतिचित्रकार लक्ष्मीबाई टिळक

नागपूरहून रायपूरकडे येताना राजनांदगाव लागते. अभनपूर-रायपूर परिसरातील आम्हां मराठी कुटुंबांचे देशी जाणे-येणे याच लोहमार्गाने होते. सुमारे १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त राजनांदगाव संस्थानाकडे निघाले असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस बायबल वाचावयास सुचविले. त्या भेटीने ज्यांचा संसार मुळापासून हालला, त्या लक्ष्मीबाईंचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी अंकात करणे आम्हांस उचित वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे कमालीचे कडक होते. अकराव्या वर्षाच्या सुमारास विवाह झाला. शाळा त्यांना ठाऊक नव्हती. अक्षरओळख झाली ती पतीकडून.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह चार वर्षांहून अधिक काळ आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. केवळ पतीचा म्हणून तो धर्म त्यांनी पत्करला नाही. जातिभेद ईश्वराने निर्मिलेला नाही, हे स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हा प्रथम शिवाशीव गेली. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

नगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे पुत्रवत वाढले. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळा न पाहिलेल्या या बाईंनी त्याचे पुढील चौसष्ट अध्याय रचिले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरचा भाग त्यानंतर प्रकाशात आला.

या ग्रंथाची भाषा पंडितांची नव्हे, माजघरातली आहे. पतीचा विक्षिप्तपणा, दारिद्र्य, विरह आणि स्वतःची फजितीही त्यांनी हसत सांगितली. १९५० व २०१७ साली तो इंग्रजीत गेला. परंतु आमच्या मुलांनी तो मुळातूनच वाचावा. परप्रांतात मराठी टिकते ती घरातल्या बोलण्यात, आणि त्याच बोलण्यातून हा ग्रंथ घडला. ज्या घरी तो नसेल तेथे तो यावा, आणि रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावा, एवढीच आमची विनंती.