उंदरांना गुण, मुलांना अपाय, तरीही सापडले कर्करोगाचे औषध! कोण होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव?

फॉलिक ॲसिड हे पालेभाज्यांत आढळणारे, पाण्यात विरघळणारे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व. त्याने कर्करोग बरा होईल, अशी एकेकाळी आशा होती. प्रत्यक्षात औषध सापडले ते नेमके उलट दिशेला. ते घडले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत.

फॉलिक ॲसिडकडे कसे वळले?

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे झाला. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आजाराने दगावले. या आजारात अन्नातील पोषक घटक शरीरात नीट शोषले जात नाहीत. मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील हार्वर्डला गेले. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत रुजू झाले. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. स्प्रूच्या रुग्णांनाही ते उपयोगी ठरले.

उंदरांवर काय दिसले?

त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील संशोधकांनी स्तनात गाठी असलेल्या उंदरांना फॉलिक ॲसिडचा एक प्रकार दिला. काही उंदरांच्या गाठी विरघळल्या. मग बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अशीच संयुगे ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिली. आजार आटोक्यात येण्याऐवजी बळावला.

मग औषध कसे सापडले?

पेशींना वाढताना डीएनए तयार करण्यासाठी फॉलिक ॲसिड लागते. ते दिल्याने कर्करोग वाढत असेल, तर ते तोडल्यास? सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिडसारखेच दिसणारे, पण त्याचे काम रोखणारे ॲमिनोप्टेरिन बनवले. कुलुपात जाणारी, पण न फिरणारी चावीच जणू. जून १९४८ मध्ये फार्बर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ पैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण ल्युकेमिया औषधाने मागे हटू शकतो, हे सिद्ध झाले.

आज त्याचे काय?

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ८ ऑगस्ट १९४८ रोजी, सुब्बाराव यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. ॲमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमिया आणि संधिवातावर वापरले जाते. संधिवाताच्या रुग्णांना त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टर सोबत आणखी एक गोळी लिहून देतात. ती असते फॉलिक ॲसिडची.